कॅम्प म्हणजे तंबू, दुसरं काही नाही

एकवीस वर्षं मी खोट्या वस्तू बनवल्या. खोटी चूल, खोटा विस्तव, खोटे मासे, खोटा चहा. घरी सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून शाळेत शिकवते." मी गप्प बसायचे. पाहुण्यांपुढं त्यांना खोटं पाडणं बरं दिसलं नसतं.

आमची बालवाडी सोलापूरच्या पूर्व भागात होती, एका महिला मंडळाची. खोली एकच, वर पत्रे, एका भिंतीला उंचावर खिडकी. आजूबाजूला घराघरांत चादरींचे माग. नवरा मागावर, बायको विड्या वळायला बसलेली, आणि मधल्या जागेत जे पोर मावायचं नाही ते माझ्याकडं यायचं. मुलं घरात तेलुगू किंवा कानडी बोलायची, गल्लीत दखनी, आणि माझ्यापुढं मराठी. चार वर्षांच्या पोरांना तीन-तीन भाषा येत होत्या. मला दोन येत होत्या, त्यातली एक हातवाऱ्यांची. मदतीला मल्लव्वा होती, अक्कलकोटकडची, पन्नाशीची. मुलांना आणायचं, पोचवायचं, उप्पीट करायचं, झाडलोट करायची, हे तिचं काम. मराठी चांगलं बोलायची. घाबरली की मात्र कानडीवर यायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शहात्तर साली दसऱ्यानंतर मंडळाच्या सेक्रेटरी प्रमिलाताई मुंबईला बहिणीकडं जाऊन आल्या आणि येताना एक परदेशी चित्रांचं पुस्तक घेऊन आल्या. त्यात गोरी गोरी मुलं घरातल्या घरात तंबू ठोकून बसली होती. खोटी शेकोटी, खोटा कंदील, खिडकीतून नदीत गळ टाकल्याचं नाटक. बाहेर एवढं मोठं अंगण दिसत होतं आणि ही घरात.

"आपल्या मुलांनाही हे मिळालं पाहिजे," प्रमिलाताई म्हणाल्या.

"ताई, आपली मुलं उन्हाळाभर रस्त्यावरच झोपतात की," मी म्हटलं.

"तसं नव्हे हो. हे कॅम्पिंग आहे."

आता सेक्रेटरीच म्हणतात म्हटल्यावर विषय संपला. मी दोरीवर दोन चादरी टाकल्या, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि मुलांना म्हटलं, जा आत. मनात म्हटलं, पाच मिनिटांत कंटाळतील, म्हणजे मी सुटले. तसं झालं नाही. राजमणी नावाची चार वर्षांची एक मुलगी होती, ती आत जाऊन बसली ती सकाळभर बाहेर येईना. मी वाकून विचारलं, "काय करतीस गं?"

"काय न्हाय. बसले."

मला नंतर उमगलं. तिच्या घरी एक खोली, त्यात अर्ध्या खोलीचा माग, उरलेल्या जागेत पाच माणसं आणि तेंदूच्या पानांचे गठ्ठे. पोर बसेल तिथं कुणीतरी म्हणणार, "सरक." दोन चादरींच्या आत तिला 'सरक' म्हणणारं कुणी नव्हतं. खरं सांगते, मला तेव्हा लाज वाटली. त्या दिवसापासून मी तंबू मनावर घेतला.

आता धंदा सांगते. लोकांना वाटतं, पुठ्ठा कापला, रंग फासला, झालं. तसं होत नाही. खोट्या वस्तूत एक तरी गोष्ट खरी लागते, नाहीतर मूल तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. विस्तव करायला मी मागावरचं टाकाऊ सूत आणलं, लाल, केशरी, पिवळं. नवी पेठेतून पतंगाचा कागद आणला. काटक्यांची रास, तिच्यावर सुताचे झुबके, मधून कागदाच्या जिभा. दिसायला फर्मास, पण मुलं लांबूनच बघून निघून जायची. मग काटक्यांखाली तेंदूच्या पानांची कातरण भरली. विडीसाठी पान कापलं की उरते ती. हात लागला की चुरचुर वाजायची. लगेच मुलं हात पुढं करून शेकायला बसली.

दुपारी राजमणीला न्यायला तिची आजी आली. दारातूनच तिनं विस्तव बघितला, माठावरचा तांब्या उचलला आणि ओतला. वर मलाच ओरडली, "पोरं हायत खोलीत! ध्यान कुटं हाय तुमचं?" सुताचा रंग कच्चा निघाला आणि सतरंजी जन्माची लाल झाली. पण माझ्या कामाला एवढं चांगलं सर्टिफिकेट पुन्हा कुणी दिलं नाही.

कंदील डालड्याच्या डब्याचा. डब्याला खिळ्यानं भोकं पाडायला गेलं की पत्रा आत दबतो, म्हणून आधी आत ओली वाळू ठासून भरायची आणि मग ठोकायचं. नाव म्हणजे मागावरचा जुना धोटा. आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना निमुळता. त्याला नाव करायला काही करावंच लागत नाही, नुसतं "ही नाव" म्हणायचं. वाघाचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा. चिकटवायला मागावरची खळ वापरली आणि तिथं चुकले, कारण खळ म्हणजे शेवटी पीठच. पहिला वाघ उंदरांनी खाल्ला. वाघ उंदरांनी खाल्ल्याचं मी तरी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही. दुसऱ्या वाघाच्या खळीत कडुनिंबाचा पाला उकळून घातला. तो टिकला.

आणि आभाळ. ते मला राजमणीच्या वडिलांनी दिलं. नरसय्या त्यांचं नाव. हातमागावर नक्षीची चादर विणायचे. मागाच्या वर जॅकार्ड असतं, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ फिरते. कुठलं भोक कुठं आहे त्यावरून नक्षी उठते. नक्षी जुनी झाली की पुठ्ठे फेकून देतात. अशी फेकलेली एक माळ मी मागून आणली आणि तंबूच्या छताला आतून शिवली. सकाळी नऊ ते दहा खिडकीतून उन्हाचा पट्टा बरोबर तंबूवर पडायचा. चादर वरून बाजूला घेतली की पुठ्ठ्यांच्या भोकांतून आत चांदण्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच आत बसून राहिले. मल्लव्वा हाका मारत होती आणि मी ओ देत नव्हते.

सामान जमलं, नाव जमेना. सगळं पुढचं रामायण ह्या नावापायी झालं. तंबू म्हणावं तर प्रमिलाताई म्हणाल्या, "तंबू नको, लोकांना तमाशा वाटेल." छावणी म्हणावं तर चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळातल्या गुरांच्या छावण्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होत्या. एक आई म्हणालीच, "आमची पोरं काय जनावरं हायत व्हय?" मी करमाळ्याची. आमच्याकडं जत्रेत फिरस्ते येतात, त्यांच्या तंबूला पाल म्हणतात. म्हणून मी ऐटीत मुलांना सांगितलं, "उद्या आपण पाल ठोकायचं." दुसऱ्या दिवशी अंबादास नावाचा एक बहाद्दर घरून झाडू घेऊन आला. "बाई, पाल कुटं हाय? ठोकतो की." ते पाल म्हणजे तंबू आणि ती पाल म्हणजे भिंतीवरची, हे तेलुगू घरातल्या चार वर्षांच्या पोराला समजावणं माझ्या बापाला जमलं नसतं.

शेवटी मी पुस्तकातलाच शब्द घेतला. कॅम्प. सुटसुटीत, सगळ्या भाषांत चालणारा. मला फार आवडला.

शनिवारी मुलांच्या वडिलांना बोलवायचं ठरवलं होतं. आया रोज यायच्या. वडील मात्र पोराला दारात सोडून पाठ फिरवायचे. त्यांनी एकदा तरी आत येऊन बघावं ही माझी हौस. शिवाय मोठा तंबू आढ्याला बांधायला पुरुष हवे होते, आणि तंबूला चादरी कमी पडत होत्या. दुसरीकडं तपासणी तोंडावर आली होती. पटावर पंचवीस मुलं दिसली नाहीत तर बालवाडी बंद, असं मंडळानं सांगून ठेवलं होतं, आणि खोलीचा मालक तिथं माग टाकायला टपलेलाच होता. वडील एकदा खूश झाले की मुलं टिकतील, असा माझा हिशोब.

सोमवारी मी दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिलं. माझं अक्षर पहिल्यापासून वळणदार. लिहिलं ते असं:

"शनिवारी सकाळी येथे कॅम्प. सर्व मुलांच्या वडिलांनी जरूर यावे. येताना एक चादर आणावी. घरून काही खाऊन येऊ नये."

खाऊन येऊ नये, कारण मल्लव्वा उप्पीट करणार होती.

तेव्हा जन्मलेले नव्हते त्यांच्यासाठी सांगते. आणीबाणीतल्या त्या थंडीत कॅम्प या शब्दाला एकच अर्थ उरला होता. नसबंदीचा. मास्तरांना, कारकुनांना आकडे नेमून दिलेले. प्रत्येकानं इतकी माणसं आणायची. माणसं म्हणायचे नाहीत, केसेस म्हणायचे. एखादी जीप कोपऱ्यावर थांबली की गल्ली रिकामी. त्यात खरं किती आणि अफवा किती, हे पळणारा माणूस मोजत बसत नाही. आणि मी लिहिलं होतं, वडिलांनी यावे, चादर आणावी, उपाशीपोटी यावे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला एवढंही कळलं नाही? नाही कळलं. महिनाभर माझ्या डोक्यात तंबूशिवाय काही नव्हतं.

मंगळवारी एकही मूल आलं नाही. चौतीसांतलं एकही नाही. मी आणि मल्लव्वा समोरासमोर बसलो. दहा वाजता मला वाटलं, कुणीतरी गेलं असेल गल्लीत. अकरा वाजता आम्ही उप्पीट खायला घेतलं. चौतीस मुलांचं उप्पीट दोन बायकांना संपत नाही.

मग मी निघाले. पहिलं घर अंबादासचं. आई दार अर्धवट लावून उभी.

"मालक गावाला गेलेत."

"कधी?"

"आत्ता."

तिच्या पदराआडून अंबादास म्हणाला, "माळ्यावर हायत." त्याला एक धपाटा बसला.

पुढचं घर, तेच. त्याच्या पुढचं, तेच. अकरा घरं केली. पूर्व भागातले सगळे पुरुष गावाला गेले होते आणि आतले माग मात्र खटाखट चालू होते. एका म्हातारीनं फळ्यावरची ओळ मला तोंडपाठ म्हणून दाखवली, "खाऊन येऊ नये," आणि दार लावलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी परत जाऊन आधी फळा पुसला, पदरानंच.

मग नरसय्याकडं गेले. ते एकटेच गावाला गेले नव्हते. मागावर बसून होते, खोकत. त्यांचा खोकला गल्लीत प्रसिद्ध होता. राजमणी त्यांच्या पायाशी सुताच्या कांड्यांचा मनोरा करत होती.

"नरसय्या, कॅम्प म्हणजे तंबू हो!" मी दारातूनच सुरू केलं. "दुसरं काही नाही!"

"मग चादर कशाला?"

"तंबूला."

"उपाशी कशाला?"

"उप्पीट आहे म्हणून."

त्यांनी माग थांबवला. शांत माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, "बाई, तुमी खोट्या वस्तू लई चांगल्या करता की. आमच्या म्हातारीनं पानी ओतलं. मग आता मी कसं वळखू, काय खरं आन् काय खोटं?"

माझंच कौशल्य माझ्या उरावर बसलं होतं.

"नऊ वर्षांनी ही एक झाली," त्यांनी राजमणीकडं बोट केलं. "आनि एक तरी पायजे. कुनी हात धरून नेलं तर मी काय करू? मला सही बी येत न्हाय."

"माझ्या दारात कुणी नेणार नाही."

"मागावर हात ठेवून बोला."

मागाची दसऱ्याला पूजा करतात. त्यावर हात ठेवून विणकर खोटं बोलत नाही. मी विणकर नाही, पण हात ठेवला. म्हटलं, "माझ्या दारात तुमच्यापैकी कुणाच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. मी उभी राहीन." नरसय्यांनी मान हलवली. "मग मी येतो. मी आलो तर आनि चार जन येतील." बाहेर आल्यावर मला सुचलं की उभी राहून मी नक्की काय करणार आहे, ते मी ठरवलेलंच नाही.

शनिवारी सहा वडील आले. घरूनच खाऊन आले. मुलं एकोणीस. फळ्यावर मी आदल्या दिवशी एकच शब्द लिहिला होता: "तंबू." तमाशा वाटला तर वाटू दे म्हटलं.

तंबू आढ्याला बांधला. आत जायचा नियम मी मुलांना शिकवला होता: चपला बाहेर, एका रांगेत. वडिलांनाही नियम लागू. छोट्या चपलांच्या शेवटी सहा मोठ्या जोड्या लागल्या आणि सहा विणकर गुडघ्यांवर रांगत आत गेले. आत बसल्यावर त्यांचे गुडघे कानाला लागत होते. मुलं दाटीवाटीनं त्यांच्या मांडीवर. राजमणी तेवढी बाहेर, विस्तवापाशी, कारण तिला चहा करायचा होता. मी वरची चादर ओढली आणि आत चांदण्या पडल्या. मग नरसय्यांचा आवाज आला, "चांदण्या न्हायत ह्या. मोर हाय. आपला जुना मोर." मला महिनाभर नुसत्या चांदण्या दिसत होत्या. त्यांना भोकं वाचता येत होती.

तेवढ्यात दारातून मल्लव्वा ओरडली, "बंदा! बंदा!"

मला वाटलं, काय बंद झालं? मग कळलं, कानडी. आला, आला.

दारात सायकल लावून एक गृहस्थ आत आले. बारीक अंगाचे, पँटला सायकलचे क्लिप, बगलेत कापडात गुंडाळलेलं रजिस्टर. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नातवंडं असतील आता. त्यांना गल्लीत सगळे ओळखायचे. केसेस गोळा करणारे ते हेच. मी तंबूचा पडदा खाली सोडला आणि पुढं उभी राहिले.

"सोमवारी तुमचा फळा वाचला," ते तापलेलेच होते. "आम्हाला न कळवता कॅम्प कुणी ठेवला? केसेस कुणाच्या नावावर जाणार?"

"मुलांचा कॅम्प आहे. खेळाचा. कॅम्प म्हणजे तंबू, दुसरं काही नाही," मी म्हटलं. तोपर्यंत हे वाक्य माझ्या तोंडात बसलंच होतं.

"वडील कुठायत? फळ्यावर वडील होते."

"बसा ना. चहा घ्या."

मी त्यांना मुलांच्या स्टुलावर बसवलं. राजमणीनं रिकाम्या कपातून चहा दिला. त्यांनी कपात बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि प्याले. मग मी वेळ काढायला लागले. धोट्याची नाव दाखवली. मासे दाखवले. कंदील दाखवला. कंदील त्यांनी हातात घेऊन फिरवला. "भोकं पाडताना पत्रा दबत नाही?" मी वाळूची युक्ती सांगितली. "असं होय," म्हणाले. तेवढ्यापुरता माणूस बरा वाटला. मग त्यांनी कंदील खाली ठेवला.

"तंबूत काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत राजमणी म्हणाली, "वाघ."

हे मी तिला शिकवलं नव्हतं.

"किती?"

तिनं बोटं मोजली. "सहा."

आत नरसय्यांना खोकला आला. त्यांनी दाबला, तो दुप्पट जोरानं बाहेर पडला.

"वाघाला खोकला झालाय?"

"कापसाचा हाय," राजमणी म्हणाली.

त्यांनी मान वळवली आणि रांगेकडं बघितलं. एकोणीस छोट्या जोड्या आणि पुढं सहा मोठ्या, झिजलेल्या टाचांच्या. म्हणाले, "वाघ पायताणं बाहेर काढून बसलेत. वळण चांगलं लावलंय, बाई."

मागावर हात ठेवून शब्द दिला होता, आणि आता ह्या माणसानं कोपऱ्यावर जाऊन एक हाक मारली की संपलं. मी पडद्याला पाठ लावली. माझ्या हातात लगद्याच्या वाघाचा मुखवटा होता. त्यानं मी काय करणार होते, देव जाणे.

त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. मांडीवर ठेवून त्याच्यावर हात ठेवून बसले. आवाज उतरला होता.

"मंगळवारी आकडा द्यायचाय. दोन कमी पडतायत. साहेब म्हणाले, आकडा भरला नाही तर तुम्ही आहातच."

"तुम्हाला मुलं किती?" मी विचारलं.

"एकच मुलगी. हिच्याएवढी."

राजमणीनं त्यांचा कप पुन्हा भरला. त्यांनी तोही संपवला. मग खाली वाकून पँटचे क्लिप काढले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवले. नीट, टाचेला टाच लावून.

"आत अजून एकाची जागा आहे का?" म्हणाले.

मी बाजूला झाले. ते गुडघ्यांवर रांगत आत गेले. आत खसपस झाली, कुणीतरी सरकलं. राजमणीनं पडदा ओढला आणि आम्हाला दटावलं, "हळू बोला. रात झाली."

अर्धा तास ते आत होते. काय बोलले मला ऐकू आलं नाही. नरसय्या मोराची नक्षी कुठून कुठं जाते ते सांगत होते, एवढं कळलं. एकदा हसण्याचा आवाज आला. मल्लव्वानं पडद्याखालून उप्पिटाच्या ताटल्या सरकवल्या, त्यातल्या दोन त्यांनीच संपवल्या, असं अंबादासनं नंतर जाहीर केलं. बाहेर आले, बूट घातले, रजिस्टर उघडून उभ्या उभ्या एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली: "बालवाडीस भेट दिली. कॅम्प आढळला नाही." सायकलवर बसून गेले.

सोमवारी चौतीसच्या चौतीस मुलं हजर. जानेवारीत तपासणी झाली, बालवाडी राहिली. मी त्या दिवसांत जरा फुगलेच होते. ज्याला त्याला वाघांची गोष्ट सांगायचे. आपण शब्द पाळला, सहा संसार राखले, आणि तेही दोन-चार चादरी आणि लगद्याच्या जोरावर, असं मला वाटायचं. मार्चमध्ये राजवट बदलली आणि ते सगळं एकदम थांबलं. कॅम्प हा शब्द पुन्हा पोरांच्या खेळाचा झाला.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. एका सकाळी दारात सायकल लागली. पुढच्या दांडीवर दोन वेण्यांची एक मुलगी. मी हसत पुढं झाले. "या. सातवे वाघ!"

तेही हसले. मुलीला म्हणाले, "इथंच तो तंबू." राजमणीनं तिला बघितलं, "चप्पल रांगेत ठेव," असं फर्मावलं आणि हात धरून आत घेऊन गेली. मी फॉर्म काढला. मुलीचं नाव, जन्म, पत्ता. मग नेहमीचा रकाना.

"भावंडं?"

त्यांनी मुलगी आत गेल्याची खात्री करून घेतली.

"मंगळवारपर्यंत एक मिळाला," ते म्हणाले. "दुसरा मिळेना. एका मुलावर ऑपरेशनला घेत नव्हते, म्हणून माझ्या नावापुढं मीच दोन मुलं लिहिली. रजिस्टरात हिला एक धाकटा भाऊ आहे, बाई. तुमच्या फॉर्मवर लिहू नका."

मंगळवारनंतर तीनच महिन्यांनी सगळं थांबलं होतं. तीन महिने! त्या शनिवारी पडद्यापलीकडं सहा जण होते आणि त्या सगळ्यांना माझा शब्द होता. ह्या माणसाला मी शब्द दिला नव्हता. नुसती अर्ध्या तासाची जागा दिली होती, आणि त्यावर सहा महिने पाठ थोपटून घेतली. वाईट वाटलं म्हणणं सोपं आहे. मला स्वतःची शिसारी आली.

मी 'भावंडं'पुढं रेघ ओढली. आत मुली खोट्या चहाचे कप वाजवत होत्या. मल्लव्वानं नुकतंच उप्पीट उतरवलं होतं, वास सुटला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बसा, उप्पीट खाऊन जा."

त्यांनी वाकून पँटचे क्लिप लावले.

"नको बाई," म्हणाले. "आज घरून खाऊन आलोय."